चौदा हाडांचा चेहरा

सकाळी तोंड धुताना प्रत्येक जण आपल्या चेहऱ्याच्या हाडांवरून दोन वेळा तरी हात फिरवतो. परंतु ती हाडे किती आणि त्यांची नावे काय, असे विचारले तर भले भले पदवीधर गप्प बसतात. आम्ही तर पडलो मराठीचे मास्तर. पण सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या बोलण्यात डॉक्टरकीचा विषय वारंवार येऊ लागला, आणि गेल्या वर्षी विज्ञानाच्या खोलीत प्लॅस्टिकची एक कवटीही येऊन बसली. जबड्याला स्प्रिंग असलेली ती कवटी पाहावयास आम्ही गेलो ते केवळ कुतूहलाने. गुंतलो मात्र तिच्या हाडांच्या नावांत.

मनुष्याच्या कवटीत, कानांतील सहा चिमुकली हाडे सोडली तर, बावीस हाडे असतात. आठ हाडांची पेटी मेंदूला, आणि उरलेली चौदा चेहऱ्याची. (चरकाने साऱ्या देहातील हाडे ३६० मोजली, सुश्रुताने ३००, आणि आजची गणना २०६ आहे. चरकाच्या मोजणीत दात आणि नखेही होती, म्हणून एवढा फरक.) चेहऱ्याच्या चौदांपैकी सहा जोड्या असून दोन हाडे एकेकटी आहेत. चौदातली तेरा एकमेकांस घट्ट शिवल्यासारखी जखडलेली. हलते ते एकच, खालच्या जबड्याचे. आणि जगातील बहुतेक भांडणे त्या एकाच्या हालचालीतून उद्भवतात, हे घरोघरच्या गृहिणींना सांगावयास नको.

गालाच्या उंचवट्यावर बोट ठेवा. ते गालाचे हाड. पाश्चात्त्य वैद्यकात त्याला झायगोमॅटिक म्हणतात. हे नाव ग्रीक ‘झुगोन्’ या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृतातील ‘युग’ आणि आपले मराठी ‘जू’ ही त्याच कुळातली भावंडे. चेहऱ्याच्या हाडांना कवटीच्या बाजूच्या हाडाशी जोडणारी ही कमान खरोखरच जुवासारखी दिसते. नाकाच्या आत, मधल्या पडद्याच्या तळाशी एक पातळ, उभे हाड असते. त्याचे नाव व्होमर, म्हणजे लॅटिनमध्ये नांगराचा फाळ. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्या डोळ्यांसमोर शेत होते, यात आम्हांस शंका नाही. नाकपुड्यांच्या आतल्या भिंतीवर वळणदार हाडांची एक जोडी आहे, तिला शंख-शिंपल्याचे नाव मिळाले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, करंगळीच्या नखाएवढे आणि कागदासारखे नाजूक असे अश्रूंचे हाड असते. चेहऱ्यातील सर्वांत लहान हाड हेच. त्याच्या खोबणीतून सुरू होणारी नळी नाकात उतरते, म्हणूनच रडणाऱ्या मुलाचे डोळे पुसले तरी भागत नाही, नाकही पुसावे लागते.

‘नाकाचे हाड वाढले आहे’ ही तक्रार आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. वस्तुतः मोठ्या माणसाच्या नाकातले हाड एकाएकी वाढत नाही. मधला पडदा एका बाजूस कललेला असतो, किंवा त्या शंखाकृती हाडांवरचे अस्तर सुजलेले असते. तसेच वरच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना हवेने भरलेली पोकळी असते, आणि वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला अगदी लागून असतात. सर्दी त्या पोकळीत साठली की दाढ दुखल्याचा भास होतो. दाताच्या डॉक्टरकडे धावलेला रोगी नाकाच्या डॉक्टरकडे पाठवला जातो तो यामुळे. आणि नाकाच्या मुळाशी असलेली दोन लहानशी हाडे चेहऱ्यात सर्वांत अधिक वेळा मोडतात. वापीच्या रस्त्यावर हेल्मेट हँडलला अडकवून जाणारे तरुण आम्ही रोज पाहतो, म्हणून एवढे लिहिले.

आता हनुवटी. ‘हनु’ म्हणजे जबडा, आणि इंग्रजीतील ‘चिन’ हा शब्दही त्याच मूळ धातूचा दूरचा वंशज मानला जातो. सूर्याला फळ समजून झेपावणाऱ्या बालकाच्या जबड्यावर इंद्राचे वज्र बसले, हनु भंगली, आणि त्याचे नाव हनुमान पडले, ही रामायणातील कथा सर्वश्रुत आहे. जबडा मोडल्याची खूण नावात मिरवणारा दुसरा देव आम्हांस ठाऊक नाही. पुढे आलेली हनुवटी ही आपल्या मानवजातीचीच खूण आहे. युरोपात राहून नाहीशा झालेल्या निअँडरथल मानवांना ती नव्हती. तान्ह्या मुलात हे हाड दोन तुकड्यांचे असते आणि पहिल्या वर्षात सांधते. नवजात बालकाचा चेहरा मेंदूच्या पेटीच्या मानाने जेमतेम आठवा हिस्सा असतो, तो प्रौढपणी निम्म्यावर येतो. म्हणून बाळे सगळी कपाळच कपाळ दिसतात. म्हातारपणी दात पडले की दातांना धरून ठेवणारा हाडाचा काठ झिजतो, जबडा खुजा होतो, आणि आजीच्या बोळक्या तोंडात हनुवटी नाकाला भेटावयास निघते.

मराठीत ‘टाळू’ हा शब्द दोन जागांना वापरतात, हे आमच्या ध्यानात या कवटीमुळेच आले. बाळाच्या डोक्यावर तेल जिरवतो तीही टाळू, आणि जीभ वर लावली असता लागते तीही. तोंडातल्या टाळूचा पुढचा मोठा भाग वरच्या जबड्याच्या दोन हाडांचा, मागचा चतकोर तालूच्या हाडांच्या जोडीचा. गर्भाच्या सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत ही दोन्हीकडची फळी मध्यावर जुळते; कधी न जुळल्यास टाळू दुभंगलेली राहते. गर्भवतीने ग्रहणात सुरी धरली म्हणून असे होते, हा समज अजून गेलेला नाही आणि तो निखालस खोटा आहे. शस्त्रक्रियेने ही दुभंग सांधता येते, आणि बोलणे लागण्याच्या सुमारास ती केली तर उच्चारही नीट होतात.

उच्चारांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या जिव्हाळ्याचे थोडे सांगतो. मराठीत च आणि ज यांचे दोन दोन उच्चार आहेत. ‘चार’ म्हणताना जिभेचा मध्य कठीण टाळूला टेकतो, ‘चारा’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाते. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एक, आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसरा; अक्षरे तीच. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून हा भेद हळूहळू निसटतो, कारण शेजारच्या गुजराती किंवा हिंदी बोलण्यात तो नाही. काही पालक आमच्याकडे येऊन म्हणतात, ‘याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे.’ ठेवणीचा काही संबंध नाही. पुण्यातल्या मुलाची टाळू आणि सिल्वासातल्या मुलाची टाळू एकाच घडणीची. जीभ कोठे टेकवायची हे कानाने शिकायचे असते, आणि घरात ‘चारा’ ऐकू आला तर मूल ‘चारा’ म्हणते.

ठेवणीवर दोष ढकलण्याची ही खोड उच्चारांपुरती असती तर चालले असते. येथल्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे मांडले आहेत. कोकणा समाजाच्या भवाडा नृत्यात असे मुखवटे रात्रभर नाचतात. मुखवटा घडवणारा कारागीर जाणतो की दात बाहेर काढले आणि जबडा रुंद केला की राक्षस होतो. पहाट झाली, मुखवटा उतरला, की राक्षस खांद्यावर फडके टाकून शेताकडे निघतो. नाचाच्या बाहेर मात्र शिकलेली माणसेही जिवंत चेहरा मुखवट्यासारखा वाचतात. गेल्या वर्षी शाळेत आलेले एक पाहुणे वर्गातल्या मुलांवर नजर फिरवून आमच्या कानाशी लागले आणि म्हणाले, ‘चेहऱ्यांवरूनच कळते हो, यांत गणित कोणाला येणार आणि कोणाला नाही.’ वर्गात वारली, कोकणा, धोडिया, शिवाय आपल्या मराठी-गुजराती घरांतलीही मुले होती. पुढल्या बाकावरच्या एका वारली मुलीने ते ऐकले, हे तिच्या मान खाली घालण्यावरून आम्हांस कळले.

पाहुण्यांचे मत जुनेच आहे. एका काळी त्याला शास्त्राची वस्त्रेही होती. हर्बर्ट रिझली या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील लोकांची नाके मोजविली. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे, आणि आलेला आकडा जितका कमी तितकी जात वरची, असा त्याचा निष्कर्ष होता. हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा उभी करणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे आकडे तपासून दाखवले की उत्तर हिंदुस्थानाबाहेर पाऊल टाकताच नाक आणि जात यांची ही जोडी जुळत नाही.

घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. तेथे मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हे तोवर माहीत होते. वर ज्या सहा जोड्या सांगितल्या, त्यांतली एकही अगदी सारखी नसते. स्वतःच्या छायाचित्राचा अर्धा भाग झाकून पाहिल्यास कोणालाही पटेल. फिशर यांचा कयास असा की ही असमानता वंशागणिक निराळी असावी, आणि गोऱ्या युरोपियनांच्या बुद्धीच्या वरचढपणाशी तिचा संबंध असावा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या एकेक करून मोजल्या. असमानता सर्वांत सापडली. वंशाशी तिचा मेळ कोठेच बसेना. तेवीस-चोवीस वर्षांची, परक्या भाषेत लिहिणारी ही विद्यार्थिनी. तिने आपल्या गुरूच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध निघालेले उत्तर जसेच्या तसे प्रबंधात मांडले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवली. फिशर १९३३ मध्ये, हिटलरच्या राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारख्यांच्या वंशविचारांनी पुढे काय अनर्थ केला तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई घरोघरी परिचित आहेत. कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई कितीतरी काळ फारशा कोणाच्या बोलण्यात नव्हत्या. त्यांनी पुढे डेक्कन कॉलेजात असतानाही माणसांची मोजमापे घेणे सोडले नाही, हेही सांगितले पाहिजे. मोजण्यावर त्यांचा राग नव्हता. आकडा जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालण्यास त्या तयार नव्हत्या.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही मराठीचा तास सोडून ती प्लॅस्टिकची कवटी वर्गात नेली आणि ही हकीकत सांगितली. मुलांनी एकमेकांच्या गालांची हाडे चाचपली, हसून घेतले. मग पुढल्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारले, ‘सर, त्या १४९ कवट्या कोणाच्या होत्या?’ खरा प्रश्न तोच होता. त्यांपैकी कितीतरी जर्मनीच्या तेव्हाच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या होत्या. अशा कवट्या स्मशानांतून उकरून किंवा फाशी दिलेल्यांची डोकी कापून जमवल्या गेल्या, आणि घरच्यांना कोणी विचारले नाही.

बर्लिनमधील तसल्या संग्रहांपैकी पूर्व आफ्रिकेच्या सुमारे ११०० कवट्यांची चौकशी अलीकडे तेथल्या प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानाने केली. २०२३ साली त्यांनी जाहीर केले की जनुकांच्या तपासणीत काही कवट्यांचे आजचे नातलग टांझानियात जिवंत सापडले आहेत. हे आम्ही वर्गात वाचून दाखवले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आता ते त्यांना घरी नेतील.’