वास्तुविशारदांच्या संमेलनांत

आजवर आम्हीं साहित्यसंमेलनें पाहिलीं, संगीत परिषदा ऐकल्या, आणि निरनिराळ्या मेळाव्यांतील श्रीखंडपुरीचाही यथास्थित समाचार घेतला. वास्तुविशारदांच्या संमेलनास जाण्याचा योग मात्र कधीं आला नव्हता. तो गेल्या महिन्यांत नाशिक मुक्कामीं आला, आणि त्यास कारणही तसेंच घडलें. जुन्या नाशकांतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या दारावर तो 'धोकादायक' असल्याची नोटीस लागली. पाडावा कीं राखावा, याविषयीं आम्हां पांच चुलतभावांत एकमत होईना. आमची पुतणी यंदाच वास्तुविशारद झाली आहे. ती म्हणाली, "काका, माझेंही हें पहिलेंच संमेलन. तुम्ही बरोबर चला. कोणी ना कोणी जाणता भेटेलच."

मंडपांत शिरतांच आमच्या गळ्यांत नांवाची पट्टी आली. आमचे पांढरे केस पाहून फरशीवाले, रंगवाले व कांचवाले आम्हांस कोणी बडे वास्तुविशारद समजले, आणि माहितीपत्रकांनीं आमच्या दोन पिशव्या भरून गेल्या. "साहेब, आपल्या पुढच्या इमारतीला आमचीच फरशी!" असा एकाचा आग्रह. ज्याची मागची इमारत पडावयास झाली आहे, त्यास पुढच्या इमारतीविषयीं विचारणारा भेटावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

या व्यवसायाची हकीकत आम्हांस तेथेंच नीट कळली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं एक लहानसा संघ काढला. गेटवे ऑफ इंडियाचे रचनाकार जॉर्ज विटेट हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच संघाचें १९२९ सालीं 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झालें. १९३६ सालीं पेरिन मिस्त्री या पारशी युवतीनें जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली, तेव्हां ती मोठी नवलाई होती. आज आमच्या पुतणीच्या आसपास मुलींचीच दाटी होती, आणि कोणास त्याचें नवल वाटत नव्हतें. घर बांधूं इच्छिणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्टही समजली. १९७२ च्या कायद्यान्वयें नोंदणी झालेल्यानेंच स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवावें. परंतु त्या कायद्यानें घराचे नकाशे काढण्याचें काम मात्र इतरांस बंद केलेलें नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. तेव्हां नकाशा कोणाकडून घेतों, हें आपलें आपणच पाहावें.

मग व्याख्यानें सुरू झालीं. पडद्यावर एकाहून एक देखण्या इमारती दिसूं लागल्या. परंतु एकाही स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीचा डाग नव्हता, एकाही गच्चीवर लुगडें वाळत नव्हतें. शंकासमाधानाच्या वेळीं मागील रांगेंतून एक वृद्ध वास्तुविशारद उठले व शांतपणें म्हणाले, "हीं सारीं चित्रें बारशाचीं आहेत. वीस पावसाळे खाल्लेल्या आपल्या घराचें चित्र कोणी आणलें आहे काय?" सभा क्षणभर निःशब्द झाली. कोणीं आणलें नव्हतें.

चहाच्या वेळीं आम्हीं त्या गृहस्थांना गांठलें आणि वाड्याची कथा सांगितली. 'पाडा' किंवा 'राखा', यांपैकीं एक शब्द ऐकण्यास आम्ही अधीर होतों. त्यांनीं आम्हांसच तीन प्रश्न विचारले. पन्हळी शेवटच्या केव्हां साफ केल्या? तुळयांचीं टोंकें भिंतींत शिरतात, तेथें कोणी ठोकून पाहिलें आहे काय? आणि दुरुस्तीचा पैसा कोणाच्या नांवें ठेवलेला आहे?

आम्हांस एकाचेंही उत्तर देतां येईना. ते म्हणाले, "सागवान नुसत्या वयानें मरत नाहीं, पाण्यानें मरतें. पन्हळ तुंबली कीं पाणी भिंतींत उतरतें, तुळईचें टोंक कुजतें, मग वाळवी येते. वरून कडीपाट धड दिसतो, आंत पोकळ झालेला असतो. तुमचा वाडा म्हातारपणानें पडत नसावा, त्या पन्हळीनें पडत असावा. आधीं तपासून घ्या, मग भांडा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रतिनिधींबरोबर आम्ही पांडवलेण्यांस गेलों. तेथील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. लेणें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें. परंतु लेखाचा अर्थ त्या दिवशीं प्रथमच मनाला भिडला. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं या मनुष्यानें डोंगर कोरून लेणें दिलें आणि तेवढ्यावर न थांबतां ३००० कार्षापणांची अक्षय नीवी ठेवली. ती रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे होती: २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच वापरावयाचें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ याप्रमाणें तें बरोबर पुरतें!

आम्ही त्या ओसरीवर बराच वेळ बसलों. जेथें कौल बदलावयाचें नाहीं कीं पन्हळ काढावयाची नाहीं, अशा पाषाणाच्या घरासाठींही दात्यानें पुढची तरतूद केली होती. आमच्या आजोबांनीं सागवानी वाडा उठविला, आणि त्यामागें एक पैही ठेवली नाहीं. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांच्यानंतर जागेचे हिस्से आम्हीं पांच केले; पन्हळ कोणाच्याच हिश्श्यांत आली नाहीं.

परततांच पुतणीला घेऊन वाड्यावर गेलों. ती शिडीवरून पन्हळीपर्यंत चढली, आणि चार बोटें जाड मुळाचें पिंपळाचें रोप तेथें असल्याचें तिनें वरून ओरडून सांगितलें. त्या रात्रीं आम्हीं चौघां भावांना पत्रें घातलीं: प्रथम जाणत्या अभियंत्याकडून तुळया तपासून घेऊं, वाडा राहो वा जाऊन तेथें नवी इमारत होवो, तिच्या देखभालीची नीवी पांचांनीं मिळून आधीं ठेवूं, पाडावें कीं राखावें, हें त्यानंतर.

आजवर एकाचेंच उत्तर आलें आहे. त्यानें विचारलें आहे, व्याज काय दरानें मिळेल?