दोष केसांचा नाही, धुण्याच्या पद्धतीचा

रविवारी विहारातून बाहेर पडताना नर्सिंगला शिकणारी एक मुलगी आमच्यातल्या एकीजवळ थांबली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, मी डोकं धुते हो. तरी मैत्रिणी विचारतात, धूत नाहीस का?" आईचे म्हणणे, तेल कमी पडते. पार्लरवालीने पाच हजारांत केस सरळ आणि मऊ करून द्यायची तयारी दाखवली होती. मेसचे पैसे जवळ होते, त्यातूनच ती हा खर्च करणार होती.

"डोकं धूत नाहीस का" हा प्रश्न आपल्या मुलींना इतका का बोचतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून या महिन्यात हे पान केसांसाठी. आमचे मत थोडक्यात असे: अशा केसांना आणखी काही लावण्याची गरज नसते. आधी लावलेले नीट निघण्याची गरज असते.

केसाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खवले असतात. ते घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्यावर चरबीचा अतिशय पातळ थर असतो. खवले घट्ट मिटलेले असले आणि हा थर शाबूत असला, की पाणी केसात लवकर शिरत नाही. अशा केसांना हल्ली 'लो पोरोसिटी', म्हणजे कमी सच्छिद्र केस म्हणतात. हा आजार नाही. उलट रंग, ब्लीच, गरम इस्त्री यांनी न दुखावलेला केस बहुधा असाच असतो. एकाच केसाचे मूळ घट्ट आणि जुने टोक सच्छिद्र, असेही असते. तेव्हा ज्याला आपण 'हट्टी केस' म्हणतो, तो पुष्कळदा धडधाकट केस असतो.

असा केस ओळखण्यासाठी पेल्यातल्या पाण्यात एक केस टाकायचा, तरंगला तर लो पोरोसिटी, अशी एक परीक्षा सांगितली जाते. तिच्यावर विसंबू नका. केसावर जरासे तेल असले तरी तो तरंगतो, आणि पाण्याचा पृष्ठताणही त्याला वर धरून ठेवतो. त्यापेक्षा न्हाताना लक्ष द्या. पहिले दोन-तीन तांबे पाणी केसांवरून थेंबाथेंबाने घरंगळून जाते का? एकदा भिजलेले केस वाळायला फार वेळ लागतो का? लावलेले तेल किंवा कंडिशनर आत न मुरता वरच राहते का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील, तर पुढचे तुमच्यासाठी आहे.

अशा केसांवर आपण काय करतो? केस रुक्ष वाटले म्हणून तेल चोपडतो. तेल निघावे म्हणून अंगाचा साबण घासतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याचा पांढरट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. मग केस आणखी रुक्ष वाटतात आणि पुन्हा तेल येते. साबण अल्कधर्मी असल्याने केस खरखरीत होतात ते वेगळेच. मुलगी रोज डोके धुऊनही केस चिकट दिसतात, ते असे. यात तिच्या स्वच्छतेचा काही दोष नाही.

शॅम्पू जड पाण्यातही साबणासारखा साका करत नाही, म्हणून डोक्यासाठी तोच बरा. निवडताना बाटलीच्या पुढचे चित्र पाहू नका, मागची यादी वाचा. पातळ, पारदर्शक दिसणारा साधा शॅम्पू अशा केसांना बहुधा मानवतो. यादीत 'बटर', निरनिराळी तेले किंवा डायमेथिकोन वरच्या बाजूला असेल, तर तो शॅम्पू रोजच्यासाठी ठेवू नका. डायमेथिकोन विष नाही, पण ते केसावर थर देते आणि आपल्याला थर नको आहे. 'प्रोटीन' लिहिलेल्या शॅम्पूने असे केस अनेकींना ताठ वाटू लागतात. तसे वाटले तर तो बंद करा. 'सल्फेट-फ्री' या शब्दासाठी जास्त पैसे मोजायची सक्ती नाही. टाळू कोरडी होत असेल तर कोकामिडोप्रोपिल बिटेनसारखा सौम्य घटक असलेला शॅम्पू घ्या. तेल जास्त लावत असाल तर सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला साधा शॅम्पू पंधरा दिवसांतून एकदा उपयोगीच पडतो. शिकेकाई-रिठा वापरणाऱ्यांनी तो जरूर वापरावा, पण काढा फडक्यातून गाळून. भुकटीचा चोथा केसांत अडकतो.

इथे आमची एक तक्रार आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी छापावी लागते, पण 60 मिलीपेक्षा लहान द्रव पॅकला त्यातून सूट आहे. म्हणजे बाटली घेणाऱ्याला माहितीचा हक्क आणि एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्याला नाही. वस्तीतल्या किराणा दुकानात तर पुडीच जास्त खपते. पुडीवर जागा कमी असते हे मान्य, पण पुड्यांच्या लांब माळेवर किंवा डब्यावर यादी छापता येईल. ती छापली गेली पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते. तोवर दुकानात त्याच नावाची मोठी बाटली हातात घेऊन तिच्यावरची यादी वाचावी. वाचायला पैसे पडत नाहीत.

आता पद्धत. तेल लावायचेच असेल तर धुण्याआधी तासभर, चमचाभर खोबरेल पुरे, धुतल्यावर नको. गुंता आधी सोडवा. कोमट पाण्याने केस मिनिट-दोन मिनिटे पूर्ण भिजवा. बहुतेक जणी इथेच घाई करतात. कोमट पाण्याने तेल सुटायला मदत होते, कढत पाण्याची गरज नाही. शॅम्पू थेट डोक्यावर ओतू नका. मगभर पाण्यात कालवा आणि टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नको. लांबी घासायची गरज नाही. उतरणारा फेस तेवढे काम करतो. तेल जास्त असेल तर धुऊन पुन्हा थोडासा घ्या. कंडिशनर हवा असेल तर पातळसा, फक्त टोकांना, आणि तोही पूर्ण धुऊन काढा. टँकरच्या दिवसांत कालवलेला शॅम्पू विशेष सोयीचा, तो कमी पाण्यात निघतो. बोअरचे पाणी असेल तर शेवटचा तांबा नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या. केस ओले असताना घट्ट वेणी घालू नका. आठवड्यातून किती वेळा धुवायचे, हे घाम आणि काम ठरवते. शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईने दोन-तीनदा धुतले तर केस झिजत नाहीत.

केस सरळ करण्याच्या उपचारांविषयी मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. त्यातल्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली त्याची गणना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. धडधाकट केसांसाठी मेसचे पैसे घालून असा धोका विकत घेण्यात शहाणपण नाही.

एक सावधगिरी. टाळूला सतत खाज, जाड पिवळट कोंडा, केस गळून पडलेले गोल चट्टे किंवा एकाएकी फार गळती असेल, तर शॅम्पू बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि डॉक्टरांना हिमोग्लोबिन व थायरॉइडच्या तपासणीविषयी विचारा. आपल्या बायकांत रक्त कमी असणे नवे नाही, आणि त्याची भरपाई कोणतीही बाटली करत नाही.

त्या मुलीने पार्लरला पैसे दिले नाहीत. साबण बंद केला, तेल कमी केले, शॅम्पू कालवून वापरला. महिन्याने भेटली तेव्हा केस सरळ झालेले नव्हते. ते व्हायची गरजही नव्हती. ते हलके आणि मोकळे होते, आणि मेसची फी भरलेली होती. आमचे म्हणणेही आम्ही सांगतो म्हणून मानू नका. चार आठवडे स्वतः करून पाहा, पटले तरच पुढे चालू ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणा मुलीचे केस चिकट दिसले, तर "धूत नाहीस का" असे विचारू नका, "पाणी कुठलं वापरतेस गं?" एवढे विचारा.