शेवटची कसारा

भारतीय फुटबॉल संघाचा कप्तान सुनील छेत्रीने २ जून २०१८ रोजी हात जोडून एक व्हिडिओ टाकला. आदल्याच संध्याकाळी अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला ५-० असं धुतलं होतं. छेत्रीची हॅट्ट्रिक झाली, आणि बघायला माणसं किती, तर २,५६९. टीका करा, शिव्या घाला, पण मैदानावर येऊन घाला, असं त्याचं म्हणणं. कोहलीने, तेंडुलकरनेही तो व्हिडिओ उचलून धरला. मोखाड्यातल्या आमच्या पोशेऱ्यात तो फोनला रेंज येते त्या टेकाडावर पोचला आणि आमच्या फुटबॉलच्या पोरांनी शब्दशः घेतला. कप्तान बोलावतोय म्हटल्यावर जायला नको?

बोलावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा वांद्रे, ठाणे, फार तर कल्याण असावं. आमच्याकडून जायचं म्हणजे जीपने खोडाळ्यामार्गे कसारा, तिथून लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने आझादनगर. तिकिटांपेक्षा जीपलाच जास्त पैसे गेले, आणि ज्यांचा रोज बुडाला त्यांचा हिशेब वेगळाच. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं अंधेरीत कामाला असलेल्या गावच्या पोराने काढून ठेवली होती. बरं झालं, कारण त्या व्हिडिओनंतर ती सगळी खपली.

बरोबर एक काका होते. फुटबॉलचं त्यांना फारसं काही नाही, पण वाटा त्यांनाच ठाऊक. भिवंडी, ठाणे, कळवा, दरसाल भट्टीवर नाहीतर बांधकामावर जाणं. कसाऱ्याच्या फलाटावर ते म्हणाले, "दिवाळीनंतर इथूनच निघतो आम्ही. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. आज हातात काहीच नाही, चुकल्यासारखं वाटतंय." पोरं हसली. मला ते वाक्य घाटकोपरपर्यंत पुरलं.

केनियाविरुद्धचा तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. बायचुंग भुतियानंतर एवढे सामने खेळणारा तो दुसराच भारतीय. भुतियाच्याच हातून सुरुवातीला त्याचा सत्कार झाला. आणि पाऊस असा लागला की मैदानाची खाचरं झाली. पास द्यावा तर चेंडू पाण्यात रुतून बसायचा, खेळाडू पुढे निघून जायचे. मध्यंतरापर्यंत गोल नाही. आजूबाजूचे शहरी प्रेक्षक चुकचुकत होते. आमची पोरं मात्र रंगात आली होती, कारण हा खेळ त्यांचाच. मोखाड्यात सपाट जमीन म्हणजे भाताची जमीन. तिथे मैदान मिळतं ते कापणी झाल्यावर, नाहीतर आवणीच्या आधी चिखलात. "उचल ना, खालून काय देतोस!" आमचा गोलकी पहिल्या हाफपासून ओरडत होता. चिखलात चेंडू सरपटत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

६८व्या मिनिटाला पेनल्टी, छेत्रीने ती मारली. तीनच मिनिटांनी भारताच्याच जेजेचा सणसणीत गोल. आणि अगदी शेवटी छेत्रीने पुढे आलेल्या केनियाच्या गोलकीच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून आत टाकला. ३-०. आमच्या गोलकीने वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू सल्ला त्यानेच पोचवला होता.

काका यातलं निम्मंच बघत होते. त्यांची नजर दिव्यांच्या झोतातून पडणाऱ्या सरींवर. "तिकडं लागला असेल का?" हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. राब भाजून तयार, बियाणं कणगीत, आणि पेरणारा माणूस अंधेरीत. त्यांची घालमेल खरी होती. क्रीडारसिकांना ती कळायची नाही, पण मला त्या रात्री छेत्रीच्या आवाहनाइतकीच वजनदार वाटली.

सामन्यानंतर सगळे गाणी म्हणत थांबले. आम्ही पळालो. शेवटची कसारा चुकली तर रात्र फलाटावर. ती मिळाली, पण रात्र फलाटावरच गेली. जीपवाला उजाडल्याशिवाय घाट चढायला तयार नव्हता. पोरांनी तिथेच प्लॅस्टिकच्या बाटलीवर पेनल्टीचा सराव केला, आणि पोलिसाने हटकलं तेव्हा त्यालाच स्कोअर सांगितला.

त्याच स्पर्धेच्या १० जूनच्या अंतिम सामन्यालाही जाऊ, असं कसाऱ्यातच ठरलं होतं. पण तोवर पेरा सुरू झाला. पुन्हा केनियाच समोर. पोरांनी सामना टेकाडावर एका फोनभोवती, अडकत अडकत पाहिला. २-०, दोन्ही गोल छेत्रीचे. त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले, तेव्हाच्या मेस्सीइतके. दुसऱ्या दिवशी चिखलाचे पाय घेऊन गोलकी मला विचारतो, "सर, मग मेस्सीलापण असा व्हिडिओ करावा लागतो का, बघायला या म्हणून?"