तळ्यातली कोळंबी लहानमोठी का राहते?



शेततळ्यात गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी सोडणाऱ्या एका शेतकऱ्याने मागे मला टोपली दाखवली. बी एकाच दिवशी सोडलेले, खाद्यही एकच. पण काही कोळंबी वीतभर, लांब निळ्या नांग्यांची. तर काही बोटाएवढी. "साहेब, बीवाल्याने फसवलं," तो म्हणाला. बीवाल्यांची वकिली मी सहसा करत नाही, पण या खेपेस तो निर्दोष होता.

गोऱ्हा खच्ची केला की त्याचे वशिंड, मान, स्वभाव सारे बदलते, कारण नरपणाचे संप्रेरक वृषणातच तयार होते. कोळंबीत तसे नाही. नरपण देणारी ग्रंथी वृषणापासून वेगळी, चालण्याच्या पाचव्या पायाच्या बुडाशी असते. अशी ग्रंथी हेलेन शार्निओ-कोत्तों या फ्रेंच विदुषीने १९५४ साली समुद्रकाठच्या एका इवल्या कवचधारी जिवात प्रथम दाखवली.

जंबो कोळंबीतले हे संप्रेरक इन्शुलिनच्या जातकुळीतले आहे. ते रक्तातून सगळीकडे फिरते, पण ज्या पेशीवर त्याला ओळखणारा ग्राही असेल तिथेच त्याचा हुकूम चालतो. पोस्टमन सगळ्या आळ्यांतून हिंडतो, पण पत्र नाव असेल त्याच घरी पडते, तसेच हे.

नर मोठा होतो. मादीची ताकद अंड्यांत जाते, म्हणून तिची वाढ मागे पडते. पोटाखाली नारिंगी अंडी दिसली की घरची मंडळी खूश होतात, "बी घरचंच झालं!" तसे होत नाही. पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते. आपल्या तळ्यात ती जगत नाहीत.

मग सगळे नरच का सोडू नयेत? इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली कोवळ्या नरांतले हे संप्रेरक बंद पाडले. ते नर चक्क मादी होऊन वाढले, अंड्यांवर आले. साध्या नराशी त्यांचा संकर केला तर सगळी पिल्ले नर! कोळंबीत नर-मादी ठरवणारे गुणसूत्र आईकडून येते, आणि ही आई मुळात नरच. तळ्यातल्या कोळंबीला संप्रेरक चारण्याचा प्रश्नच नाही.

पण 'सगळे नर' असे बी मिळाले तरी टोपली एकसारखी होईल, असे समजू नका. नरांतही निळ्या नांगीचे दादा, नारिंगी नांगीचे भराभर वाढणारे आणि खुरटलेले असे तीन प्रकार असतात. दादा तळ्यात आहेत तोवर खुरटे वाढत नाहीत. म्हणून मोठ्या आसाचे जाळे फिरवून थोरली कोळंबी अधूनमधून काढून विकावी. मागे राहिलेल्यांपैकी बरीच मग वाढीला लागतात.

त्या शेतकऱ्याने तसे केले. पुढच्या काढणीला टोपली बरी भरली. बीवाल्याशी त्याचा अबोला मात्र अजून सुटलेला नाही.