तंबूतील प्रेम आणि हजेरीपटावरचे नाव

राज कपूर यांच्या 'मेरा नाम जोकर' या १९७० सालच्या चित्रपटाविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी त्याच्या लांबीविषयी, त्याच्या अपयशाविषयी आणि नायकाच्या तीन विफल प्रेमांविषयी. दोन मध्यंतरांचा, चार तासांहून अधिक चालणारा हा चित्रपट तिकीटबारीवर कोसळला, निर्माता कर्जात बुडाला आणि १९७३ साली 'बॉबी' काढून त्याला सावरावे लागले. पुढे काळाने त्याच चित्रपटाला थोरपण बहाल केले. या सर्व चर्चेत एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही : या विदूषकाला महिन्याकाठी वेतन किती मिळत होते?

प्रश्न अरसिक वाटेल. पण चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग आठवून पाहावा. राजूची आई त्याला उंच झुल्यावर पाहते आणि त्या धक्क्याने प्राण सोडते. आईचे कलेवर थंडही झालेले नसताना राजू रिंगणात येतो आणि लोकांना हसवतो; कारण खेळ चालू राहिला पाहिजे. प्रेक्षक येथे डोळे पुसतात. आम्हीही पुसले आहेत. तथापि, खेळ चालू राहिला पाहिजे हा नियम केला कोणी? खेळ बंद पडला तर तिकिटाचे पैसे मालकाला परत करावे लागतात, विदूषकाला नव्हे. मालकाच्या गल्ल्याची गरज कलावंताच्या ब्रीदाचे वस्त्र लेवून समोर येते आणि आपण तिला त्याग म्हणतो. गिरणीतील कामगाराला आईच्या मृत्यूच्या दिवशी साच्यावर उभे केले असते तर त्याला कोणी त्याग म्हटले असते काय?

हा चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिला, याचे म्हणून विशेष वाटते. 'आवारा' आणि 'श्री ४२०' ज्या लेखणीतून उतरले तिला भाकरीचा हिशेब अपरिचित नव्हता. आणि या कथेच्या मध्यभागी तो हिशेब मांडण्याची अशी संधी होती, की जी हिंदी चित्रपटाला पुन्हा लाभली नाही. जेमिनी सर्कशीच्या तंबूत सोव्हिएत कलावंतांचा ताफा येतो. त्यांतील मरीनावर राजूचे मन जडते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, यावर दिग्दर्शकाने अतिशय हळुवार काम केले आहे. परंतु भाषेहून मोठे एक अंतर त्या दोघांत होते, त्याकडे कॅमेरा वळलाच नाही. रशियात १९१९ च्या हुकुमाने नाटकशाळांबरोबर सर्कशीही राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. सर्कशीचे शिक्षण देणारी सरकारी शाळा मॉस्कोत विसाव्या दशकापासून चालत होती. त्या राज्यव्यवस्थेत कलावंताच्या स्वातंत्र्याची काय गत होती हे आम्ही जाणतो आणि ते झाकण्याचे आम्हाला कारण नाही. पण मरीना ही एका संस्थेची नोकर आहे. मुदत संपली की ताफ्यासह तिला परतावे लागते, आणि परतल्यावर उभे राहायला तिच्यापाशी जागा असते. राजूपाशी तंबू आहे, आणि तोही दुसऱ्याचा. त्यांची ताटातूट नशिबाने झालेली नाही, करारपत्राने झालेली आहे.

प्रेमकथेत वेतनाचा विषय आणला की रसभंग होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी चार्ली चॅप्लिनचा १९२८ सालचा 'द सर्कस' पाहावा. तेथे थकलेला पगार न मिळाल्याने सामान वाहणारे नोकर काम सोडून जातात आणि त्या रिकाम्या जागी चार्लीची वर्णी लागते. लोक त्यालाच पाहायला येत असतात, पण त्याला त्याची वार्ता नसते. मालक हमालाच्या वेतनावर त्याच्याकडून विदूषकाचे काम करवून घेतो. त्याचे खरे मोल त्याला सांगते ती मालकाचीच छळलेली सावत्र मुलगी, जिच्यावर त्याचे प्रेम आहे. मग तो पगारवाढ मागतो. प्रेम विफल होते, चार्ली रिकाम्या मैदानात एकटा उरतो. पण तोवर मूक चित्रपटाने वेतनाचा सारा प्रश्न मांडून झालेला असतो. रस कोठेही भंगत नाही. उलट त्या मुलीने त्याला त्याचे मोल सांगावे यापेक्षा अधिक प्रेमळ गोष्ट आम्हाला त्या चित्रपटात दिसत नाही.

मराठी माणसाने तर या विषयाकडे आपला म्हणून पाहावे. १८८० साली मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी करणारे विष्णुपंत छत्रे मराठी. अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत वाघ-बिबळ्यांना खेळवणारे दामू धोत्रे पुण्याचे. असे असूनही सर्कशीवरचा लक्षात राहावा असा मराठी चित्रपट आमच्या नजरेसमोर येत नाही. आमचा तंबू तमाशाचा. 'पिंजरा'तील मास्तर आणि 'नटरंग'मधला गुणा यांची दुःखे आम्ही जिव्हाळ्याने पाहिली, आणि त्या दुसऱ्या चित्रपटात निदान शेतमजुराचे पोट दिसते.

नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेथे हा तंबू आपल्या दाराशी येतो. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, भटक्या जमातींच्या पंचायती, कुस्त्या, तमाशाचे फड, आकाशपाळणे, मौत का कुआँ. सर्कशीनेही या मैदानावर अनेक वर्षे पाल ठोकले. लातूरला महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत तेच दृश्य. आपले कार्यकर्ते या यात्रांत सहकुटुंब जातात. त्यांतील कितीजणांनी तंबूच्या मागच्या बाजूला, जेथे चुली पेटतात आणि कपडे वाळत असतात, तेथे जाऊन दोन शब्द विचारले आहेत? दसऱ्याला उचल घेऊन फडात उभी राहणारी तमाशाची बाई आणि मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या हद्दीत कोयता चालवणारी आपल्याच तालुक्यातली बाई, या दोघींच्या वहीत फरक थोडा. ऊसतोडणीचा प्रश्न आपण ओळखला, कारण तेथे घाम दिसतो. तंबूत घामावर रंग चढवलेला असतो.

सर्कशीतील वाघ-सिंहांना सोडवणारी अधिसूचना १९९८ साली निघाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच तंबूत काम करणाऱ्या लहान मुलांना, ज्यांत नेपाळातून काही वर्षांच्या कराराने आणलेल्या मुलीही होत्या, तोच न्याय मिळायला २०११ चा एप्रिल उजाडावा लागला. पशूंवर दया दाखवू नये असे कोण म्हणेल? पण दहा वर्षे रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यांशेजारी मुली झुल्यावर चढत होत्या, आणि आपल्या एकाही मोर्च्याच्या निवेदनात त्यांची ओळ नव्हती. प्रौढ कलावंत तर आजही बहुधा तोंडी करारावर जगतो. पडला तर मालकाची मर्जी.

याच मराठवाड्याने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. त्या उन्हातून रोजगार हमीचा कायदा जन्माला आला, आणि ज्या बाईचे नाव कधी कोणत्या कागदावर चढले नव्हते ते हजेरीपटावर चढले. वेतन अपुरे होते, मुकादम लबाडी करीत. पण भांडायला कागद होता. सर्कशीच्या झुल्यावरील मुलीपाशी तो कागद नाही. स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा कंत्राटदाराने परराज्यात नेलेल्या मजुराचा विचार करून रचला गेला. पंधरा-वीस दिवसांनी जिल्हा बदलणाऱ्या तंबूपर्यंत त्याचा निरीक्षक पोहोचला असेल असे मानायला जागा नाही.

माळेगावच्या यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. पाणी, दिवे, जागा यांच्या आखणीसाठी यात्रेपूर्वी बैठका होतात. त्या बैठकांत आपल्या सभासदांनी एक साधी अट मांडावी : जो तंबू जागा मागेल, मग तो सर्कशीचा असो, तमाशाचा असो वा मौत का कुआँचा, त्याने आपल्या सर्व माणसांची नावे, वये आणि ठरलेले वेतन लिहिलेली नोंदवही अर्जाबरोबर दाखवावी, आणि उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा उतरवल्याची पावती जोडावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जागा देणाऱ्याला अट घालता येते. लातूरच्या कार्यकर्त्यांनी सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी हेच करावे. मालक म्हणतील, इतके केले तर तंबू येणार नाही. तेव्हा त्यांना वही उघडून दाखवायला सांगावे.