दारापर्यंतचे टपाल आणि तोंडापुरते आश्वासन

कॅनडातल्या लोकांच्या दारात पोस्टमन येणार की नाही, याच्याशी आंबेडकरी कार्यकर्त्याचा काय संबंध? आमच्या एका मित्राने हा प्रश्न केला तेव्हा आम्ही त्याला उलट विचारले, तुझ्या वस्तीत पोस्टमन दारापर्यंत येतो का? तो गप्प झाला. कारण त्याच्या वस्तीचे टपाल नाक्यावरच्या किराणा दुकानात पडते. तिथून कुणी आणून दिले तर दिले. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र मुलाखत होऊन गेल्यावर हातात पडलेली मुले आम्ही वस्तीत काम करताना पाहिली आहेत. त्या पत्रासाठी त्यांनी किती वर्षे अभ्यास केला होता, हे दुकानदाराला माहीत असण्याचे कारण नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो की कॅनडातला हा वाद आपण नीट समजून घेतला पाहिजे. वाद टपालाचा दिसतो. खरे तर तो आश्वासन आणि हक्क यांतल्या फरकाचा आहे.

आधी घटनाक्रम पाहू. डिसेंबर २०१३ मध्ये ‘कॅनडा पोस्ट’ या सरकारी महामंडळाने जाहीर केले की शहरांतील ज्या सुमारे ५० लाख घरांना दारात टपाल मिळते, ते पाच वर्षांत बंद होईल. त्याऐवजी गल्लीच्या कोपऱ्यावर सामायिक टपालपेटी बसेल. प्रत्येक घराला तिच्यात एक कप्पा आणि एक किल्ली. तेव्हा स्टीफन हार्पर यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार होते. उणे वीस अंश तापमानात, बर्फावरून चालत म्हाताऱ्या माणसांनी पेटीपर्यंत कसे जायचे, असा प्रश्न आला. त्यावर महामंडळाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितले की ज्येष्ठांनाच हालचाल आणि व्यायाम हवा आहे! ज्याचे सोसायचे नसते तो किती सहज बोलतो, याचा हा नमुना.

लोक चिडले. हॅमिल्टन शहराने पेट्यांवर नियंत्रण आणणारा स्थानिक नियम केला, तो न्यायालयात टिकला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये माँट्रियालचे महापौर डेनिस कोडेर यांनी पेटीसाठी ओतलेला काँक्रीटचा चौथरा स्वतः ड्रिल मशीन हातात घेऊन फोडला. त्याच वर्षी निवडणूक होती. लिबरल पक्षाने जाहीरनाम्यात लिहिले की घरपोच टपाल बंद करण्याची हार्पर यांची योजना आम्ही थांबवू आणि महामंडळाचा नव्याने आढावा घेऊ. १९ ऑक्टोबर २०१५ रोजी जस्टिन ट्रुडो बहुमताने निवडून आले. आठवड्याभरात पेट्या बसवण्याचे काम थांबले.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण तोपर्यंत ८ लाखांहून अधिक पत्त्यांची घरपोच सेवा गेलेली होती. त्यांचे काय? संसदीय समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की निवडणूक जाहीर झाल्यानंतर, म्हणजे ३ ऑगस्ट २०१५ नंतर, ज्यांची सेवा गेली त्यांना तरी ती परत द्यावी. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने निर्णय दिला: यापुढे कुणाची सेवा जाणार नाही, पण ज्यांची गेली त्यांना परत मिळणार नाही.

मित्रांनो, जाहीरनाम्यातले क्रियापद पुन्हा वाचा. ‘थांबवू’ असे लिहिले होते, ‘परत देऊ’ असे नव्हते. मतदाराने ऐकले ‘परत मिळणार’, पक्षाने लिहिले ‘थांबवणार’. मधल्या फटीत ८ लाख घरे पडली. कायद्याच्या भाषेत पक्ष खोटे बोललाच नाही!

आणि २५ सप्टेंबर २०२५ रोजी त्या फटीवरचे झाकणही निघाले. त्याच लिबरल पक्षाच्या सरकारचे मंत्री जोएल लाइटबाउंड यांनी जाहीर केले की उरलेल्या ४० लाख पत्त्यांची घरपोच सेवाही टप्प्याटप्प्याने बंद होईल. त्याच दिवशी पोस्टाचे कामगार देशभर संपावर गेले. पक्ष तोच, देश तोच, टपाल तेच. मध्ये फक्त दहा वर्षे गेली.

सरकारची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण समोरच्याचा मुद्दा दडवून केलेला युक्तिवाद आपल्याच कामाचा नसतो. वीस वर्षांपूर्वी कॅनडा पोस्ट वर्षाला सुमारे ५५० कोटी पत्रे वाटत होते, आता सुमारे २०० कोटी. तोटा दिवसाला जवळपास १ कोटी डॉलर. देशातल्या तीन चतुर्थांश पत्त्यांना आधीच सामायिक पेटी, इमारतीच्या तळाची पेटी किंवा ग्रामीण पेटी आहे. मग उरलेल्या एक चतुर्थांशांचेच लाड का? मुद्दा बिनबुडाचा नाही.

पण हिशोब करून पाहा. घरपोच सेवा बंद केल्याने वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर वाचतील, असे सरकारच सांगते. दिवसाला १ कोटी तोटा असेल तर ही बचत चाळीस दिवसांची झाली. उरलेल्या ३२५ दिवसांचे काय? त्यासाठी सरकारने इतर उपायही जाहीर केले आहेत, हे खरे. तरी सर्वांत आधी डोळ्यांत भरणारी कात्री कुणाच्या दारावर चालली? ज्याच्याकडे गाडी आहे, तो कामावरून येताना पेटी उघडून येईल. चाकाच्या खुर्चीवरची बाई, एकटा राहणारा म्हातारा, दृष्टिहीन माणूस, यांच्यासाठी कोपऱ्यावरची पेटी म्हणजे दुसरे गाव. अशांसाठी विशेष सवलत आहे म्हणतात. पण मागच्या वेळी ती सवलत मिळवायला लोकांकडे डॉक्टरचे प्रमाणपत्र मागितले गेले होते. काल जे सर्वांना न मागता मिळत होते, त्यासाठी आज अर्ज, कागद आणि साहेबाची मर्जी. हक्काची सवलत होते ती अशी. जात पडताळणीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी खेटे घालणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘बाकीच्यांना नाही म्हणून यांनाही नको’ हा समतेचा युक्तिवादही तपासून घ्या. सर्वांना द्या, असे म्हणणारी समता एक आणि सर्वांचे काढून घ्या, असे म्हणणारी दुसरी. पहिलीत खर्च असतो, म्हणून राज्यकर्त्यांना नेहमी दुसरी आवडते.

आता कामगारांकडे पाहू. कॅनडाच्या टपाल कामगारांच्या संघटनेने १९८१ मध्ये ४२ दिवसांचा संप करून १७ आठवड्यांची पगारी बाळंतरजा मिळवली. ग्रामीण आणि उपनगरी भागात टपाल वाटणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया. शहरातल्या पोस्टमनपेक्षा त्यांना कमी मोबदला मिळत होता. संघटना समान वेतनासाठी भांडली आणि २०१८ मध्ये लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे सार्वजनिक सेवा ही केवळ ग्राहकाची सोय नसते. दुबळ्या घरातल्या माणसाला सन्मानाची नोकरी, संघटना आणि पेन्शन मिळण्याची ती जागा असते. ती आटली की तेच पार्सल खाजगी कंपनीचा कंत्राटी मुलगा आणून देतो. त्याला ना रजा, ना संघटना. आपल्याकडे तर त्या जागेबरोबर आरक्षणही जाते.

मग चूक कुठे झाली? आमच्या मते ती २०२५ मध्ये नाही, २०१५ मध्येच झाली. लोकांनी आश्वासनावर समाधान मानले आणि कायदा मागितला नाही. कॅनडात २००९ पासून टपाल सेवेची एक सनद आहे, पण ती सरकारचे धोरण आहे. दारापर्यंत टपाल मिळण्याचा हक्क तिच्यात नाही. धोरण मंत्रिमंडळ बदलते. त्यासाठी संसदेत कुणाला हात वर करावा लागत नाही.

बाबासाहेबांनी नेमका हाच धोका ओळखला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी प्रमुख उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, एवढीच मागणी केली नाही. ही व्यवस्था संविधानातच लिहावी, असा त्यांचा आग्रह होता. का? साध्या कायद्याने केलेली गोष्ट उद्याचे बहुमत साध्या कायद्याने मोडू शकते, म्हणून. साध्या कायद्यावरही त्यांचा एवढा भरवसा नव्हता आणि आपण सभेतल्या भाषणावर भरवसा ठेवतो! ट्रुडो निवडून आले त्याच ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले होते. दहा वर्षे उलटली तरी काम सुरूच होते. आश्वासनाची चव दोन्ही देशांत सारखीच आहे.

आता आपल्या घरात पाहू. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने स्वतंत्र ‘रजिस्टर पोस्ट’ सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. नोंदणीची सोय राहिली, पण तेच काम करायला आता जास्त पैसे मोजावे लागतात. त्याआधी २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्याने १८९८ चा कायदा गेला आणि पत्रे वाहण्याचा सरकारचा अनन्य अधिकारही गेला. यावर आपल्या किती संघटनांनी साधे निवेदन दिले?

टपाल आपल्यासाठी आठवणींचा विषय नाही. अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला नियम ५(३) वाचा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पीडित व्यक्ती ती लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांना पाठवू शकते. ‘टपालाने’ हा शब्द नियमातच आहे. ज्या बाईला ठाण्याच्या पायरीवरून हाकलले, तिच्या हातात उरतो तो एक लखोटा आणि त्याची पोचपावती. ती पावती महाग होते तेव्हा न्याय महाग होतो. गावोगाव टपाल पोहोचवणारे ग्रामीण डाक सेवक आजही नियमित सरकारी कर्मचारी मानले जात नाहीत. कॅनडातल्या ग्रामीण भगिनींनी जी लढाई जिंकली, ती त्यांची अजून बाकी आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. उमेदवार वस्तीत आला की हार घालण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. हे कोणत्या कायद्याने देणार? कोणत्या तारखेपर्यंत? ज्यांचे आधीच गेले त्यांना परत मिळणार का? आणि नाही दिले तर आम्ही कुठे दाद मागायची? उत्तरे लिहून घ्या, त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा आणि क्रियापदे तपासा.

शेवटी एक आठवण. वतनदारीच्या काळात सरकारी कागद आणि निरोप गावोगाव पोहोचवणे हे महारांच्या गळ्यात बांधलेले काम होते. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, बोलावले की निघायचे. हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या साऱ्या मुलखाचे टपाल पायी वाहिले, त्यांच्या नातवाचे पत्र आज किराणा दुकानात पडून राहते. ते पत्र दारापर्यंत आले पाहिजे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, कायद्याने आले पाहिजे.

जय भीम!