नावाचा प्रत्यय आणि सिंहस्थाचा यात्रेकरू

संकेतस्थळाच्या नावात 'डॉट'नंतर येणारा प्रत्यय हा केवळ तांत्रिक तपशील होय, ही समजूत नाशिकला महाग पडू शकेल. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी येणारे असंख्य भाविक निवासाची सोय मोबाइलवरूनच करू पाहणार. आणि प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात नेमक्या याच व्यवहारात बनावट संकेतस्थळांनी यात्रेकरूंना गंडविल्याचे प्रकार उघडकीस आले होते.

हे प्रत्यय वाटणाऱ्या 'आयकॅन' या अमेरिकास्थित संस्थेकडे २०१२ मध्ये नव्या प्रत्ययांसाठी १,९३० अर्ज आले. त्यांत 'हॉटेल', 'हॉटेल्स' आणि त्याच अर्थाचा पोर्तुगीज 'हॉटेइस' हेही होते. रोमन लिपीत शेवटच्या दोहोंत एकाच अक्षराचा फरक, तोही दिसण्यात नगण्य. म्हणून ती दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असे २०१३ मध्ये ठरले. त्याविरुद्धचे आव्हान २०१५ मध्ये फेटाळले गेले. 'हॉटेल' आणि 'हॉटेल्स' यांच्यात मात्र घोटाळ्याचा संभव नाही, असा निर्वाळा मिळाला! डोळ्यांची फसगत मान्य, स्मृतीची अमान्य, असाच याचा अर्थ. वस्तुतः माणूस नाव अक्षरांनी नव्हे, अर्थाने लक्षात ठेवतो. पुढील फेरीच्या नियमांत एकाच भाषेतील एकवचन-अनेकवचनाच्या अशा जोड्यांना मनाई झाली. परंतु जुन्या जोड्या कायमच राहिल्या.

यामागील अर्थकारण सरळ आहे. २०१२ मध्ये एकेका अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते. प्रत्यय वाढले की ते विकणाऱ्याचे उत्पन्न वाढते, व्यापाऱ्याला आपलेच नाव पुनःपुन्हा विकत घ्यावे लागते आणि चुकीची किंमत ग्राहक मोजतो. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा नावांना व्यापारी नावांप्रमाणे संरक्षण दिले, हे खरे; पण तो दिलासा नावाच्या मालकाला. फसलेला यात्रेकरू त्या दाव्यात पक्षकारही नसतो.

म्हणूनच इलाज आधी हवा. रिझर्व्ह बँकेने तो दाखविला आहे. 'डॉट बँक डॉट इन' हा प्रत्यय केवळ बँकांसाठी राखून, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो स्वीकारण्याचा आदेश तिने सहकारी बँकांसह सर्व बँकांना दिला. येथे पारख नाव देण्यापूर्वी होते. ठेवीदाराला फक्त शेवट पाहावा लागतो.

सिंहस्थाच्या निवासव्यवस्थेलाही हाच न्याय लावावा. 'डॉट गव्ह डॉट इन' हा प्रत्यय सरकारी यंत्रणांनाच मिळतो. खाजगी हॉटेले व धर्मशाळा यांना तो मिळणार नाही. परंतु पडताळणी केलेल्या प्रत्येक निवासाची नोंद आणि पुढील दुवा अशा एकाच सरकारी पत्त्यावर ठेवण्यास कोणती अडचण आहे? तो पत्ता प्रत्येक एसटी स्थानकावर व रेल्वे फलाटावर ठळक लावावा. फसवणुकीनंतरच्या तपासापेक्षा हा खर्च निश्चितच स्वस्त पडेल.